बॉनेटवर हात

ज्या माणसाने माझ्या वडिलांना फसवलं त्याचं दुकान बंद पडायला सव्वा वर्ष लागलं. ते मीच बंद पाडलं, असं गोंदियात जुन्या गाड्यांच्या धंद्यातले लोक सांगतात. मी ते कधी नाकारलं नाही.

बाबा एसटीत ड्रायव्हर होते. नोकरीची बहुतेक वर्षं त्यांनी गोंदिया-नागपूर रस्त्यावर काढली. एसटीच्या गाडीचा वेग बांधलेला असतो. पाय कितीही दाबा, एका आकड्याच्या वर काटा सरकत नाही. त्यामुळे बाबांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्या आपल्याला मागे टाकून जाताना पाहिल्या. घरी जेवायला बसले की त्या गाड्यांबद्दल बोलायचे. कुठली वळणावर रस्त्याला चिकटून जाते, कुठल्या गाडीचं पिकअप चांगलं, कुठली नुसती आवाज करते. आई म्हणायची, जेवताना तरी गाडीतून उतरा.

निवृत्त झाल्यावर त्यांनी एकच गोष्ट मागितली. स्वतःची गाडी. आणि ती कशी हवी हेही त्यांचं ठरलेलं होतं. आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालेलं, तिला वाकून खाली बसता येत नाही, म्हणून सीट उंच पाहिजे. मागची सीट दुमडली की तांदळाचे दोन-तीन कट्टे, म्हणजे भरलेली पोती, बसले पाहिजेत. तेल कमी प्यायला हवं. एवढं सगळं सांगून झालं की शेवटी हळूच म्हणायचे, "अन् पळाली पायजे."

नवी गाडी आमच्या आवाक्यात नव्हती, म्हणून जुनी पाहायची ठरली. मी गोंदियाजवळच्या आमच्या गोरेगावला सरकारी दवाखान्यात लॅब टेक्निशियन आहे. दिवसभर लोकांचं रक्त तपासते. गाडीतलं मला तेव्हा काहीच कळत नव्हतं, आणि कळायची गरजही वाटत नव्हती. घरात एसटीचा ड्रायव्हर होता.

गोंदियात रिंग रोडला त्या माणसाचं यार्ड होतं. पत्र्याचं शेड, समोर पंधरा-वीस गाड्या ओळीने, सगळ्या चकचकीत. तो वयाने चाळिशीचा, गोरापान, अंगावर इस्त्रीचा पांढरा शर्ट. बाबा एसटीत होते हे कळताच तो खुर्चीवरून उठला.

"अंकल, आपको मैं क्या समझाऊं? आप तो आवाज सुनके बता दोगे."

बाबा हसले. इतके मोकळे हसलेले मी त्यांना क्वचित पाहिलं होतं. त्याने एक लाल हॅचबॅक दाखवली. डिझेल, एका डॉक्टरीणबाईंच्या हातची, मीटरवर फार किलोमीटर नव्हते. बाबांनी किल्ली फिरवली, गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. ते डोळे मिटून ऐकत राहिले. मग बालाघाटच्या रस्त्याने एक चक्कर मारून आले. उतरताना त्यांचा चेहरा तरुण दिसत होता.

"काय वाटते?" मी विचारलं.

"आवाज थोडा जड आहे," ते म्हणाले. मग माझ्याकडे न बघता स्वतःशीच म्हणाले, "पण पळते."

गाडी घेतली.

अडीच महिन्यांनी बाबांनी अर्जुनीकडच्या प्रतापगडला महादेवाच्या दर्शनाला जायचं काढलं. आई, मावशी आणि तिचे यजमान यांना घेऊन ते निघाले. मीही होते, मागे मावशीच्या शेजारी. कोहमाऱ्यापर्यंत बाबा मावशीच्या यजमानांना गाडीचे गुण सांगत होते. नवेगावच्या अलीकडे जंगलाचा पट्टा लागला आणि इंजिनच्या तापमानाचा काटा वर चढायला लागला. बाबांनी गाडी बाजूला घ्यायच्या आतच बॉनेटमधून वाफ आली, आतून लोखंड घासल्यासारखा आवाज झाला आणि सगळं थांबलं. पुन्हा किल्ली फिरवली तर नुसता टक्, टक्.

आम्ही सागाच्या झाडाखाली उभे राहिलो. आईला उभं राहवेना, म्हणून डिक्कीतली सतरंजी काढून दगडावर घातली. बाबा बॉनेट उघडून आत बघत होते. कशालाही हात लावत नव्हते.

अर्ध्या तासाने अर्जुनीकडे जाणारी एसटी आली. ड्रायव्हरने आम्हाला ओळखून गाडी थांबवली. नोकरीला लागला तेव्हा बाबांनीच त्याला हा रस्ता शिकवला होता. तो खाली उतरला, ऑइलची काडी ओढून पाहिली, बोटाला लागलेलं पांढुरकं, पाणी मिसळलेलं ऑइल चोळलं आणि बाबांकडे पाहिलं.

"काका, तुमी बी फसले?"

त्याला वाईट म्हणायचं नव्हतं. त्याला खरंच नवल वाटलं होतं. पण बाबांनी खाली मान घातली ती एसटीत बसल्यावरही वर केली नाही. ते कंडक्टरच्या मागच्या सीटवर बसले आणि सगळ्यांबरोबर त्यांनीही तिकीट काढलं. त्यांना पास होता, तरी काढलं.

पुढे काय निघालं ते गोरेगावच्या मिस्त्रीने सांगितलं. आठवडी बाजाराच्या कोपऱ्यावर त्याचं छोटं गॅरेज आहे. इंजिन आधीच एकदा खोलून कसंतरी जोडलेलं होतं. मागचा अर्धा भाग दुसऱ्याच गाडीचा होता, वेल्डिंगवर रंग मारलेला. मीटर मागे फिरवलेलं होतं. मिस्त्री बोलत होता आणि बाबा ऐकत होते. मध्येच ते उठून बाहेर गेले.

त्या आठवड्यात आम्ही दोघं यार्डात गेलो. तिथे दोन गिऱ्हाइकं बसली होती. बाबांनी शांतपणे सगळं सांगितलं. त्या माणसाने ऐकून घेतलं, चहा मागवला आणि हसत, त्या दोघांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "अंकल, बस चलाना अलग है, गाडी पहचानना अलग. आपने तो जिंदगीभर सरकारी स्टेअरिंग घुमाया. डेपो में सब मेकॅनिक करके देता था ना?"

ती दोन्ही गिऱ्हाइकं हसली. बाबांच्या हातात चहा आला होता. त्यांनी तो पूर्ण प्यायला. रिकामा ग्लास टेबलावर ठेवला, "बरं जी," म्हणाले आणि उठले.

फसवणूक मी कदाचित विसरले असते. तो ग्लास ठेवतानाचा बाबांचा हात मी विसरले नाही. घरी येताना बसमध्ये मी ठरवलं की या माणसाला सोडायचं नाही.

पोलिसांत जा, ग्राहक मंचात जा, असं लोकांनी सुचवलं. बाबा तयार झाले नाहीत. चार लोकांसमोर उभं राहून आपण फसलो हे सांगायची त्यांची तयारी नव्हती. गाडी मागच्या अंगणात ताडपत्रीखाली गेली आणि बाबांनी गाड्यांबद्दल बोलणं बंद केलं. आई एकदा म्हणाली, "घर कसं चूप चूप वाटून राहिलं."

मी रविवारी मिस्त्रीकडे जायला लागले. त्याला आधी वाटलं मी चार दिवसांत कंटाळेन. "कायले पायजे तुले हे? लगन-बिगन कर," असं तो म्हणायचा. पण मला हे काम ओळखीचं वाटलं. रक्त तपासतानाही माणूस समोर बरा दिसतो आणि आत काय चाललंय ते थेंबात कळतं. गाडीचंही तसंच होतं. बंपरमागचे नटबोल्ट बघायचे, त्यांच्यावरचा रंग उडाला असेल तर ते कुणीतरी खोललेत. प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात ती बनल्याचं साल असतं, एकच काच वेगळ्या सालाची असेल तर विचारायचं का. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्याच्या लेबलावरचं साल वाचायचं. क्लचच्या पॅडलचं रबर गुळगुळीत झालं असेल आणि मीटर कमी दाखवत असेल तर मीटर खोटं. डिक्कीतला गालिचा उचलायचा. इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण उघडायचं आणि धूर येतो का बघायचं.

आणि सगळ्यात आधी, काही बोलण्याआधी, बॉनेटवर हात ठेवायचा. बॉनेट कोमट लागलं तर समजायचं, तुम्ही यायच्या आधी गाडी सुरू करून ठेवली होती. थंड इंजिन खरं बोलतं, गरम झालेलं इंजिन बरंच झाकून घेतं. हे मिस्त्रीने सांगितलं तेव्हा मला यार्डात जायच्या आधी बाबांनी केलेला फोन आठवला. "अंकल, टाइम बताके आना," असं तो माणूस दोनदा म्हणाला होता.

आधी आमच्यासाठी गाडी घ्यायची होती. मी माझ्या पगारातून कर्ज काढलं. बाबा यायला तयार नव्हते. "तूच पाय. मले काय समजते," असं म्हणाले, आणि ते मला त्या माणसाच्या तोंडून आल्यासारखं वाटलं. मी नऊ गाड्या पाहिल्या. आमगावला एक छान दिसणारी होती, तिचा डावा दरवाजा बंद होताना पत्र्यासारखा वाजला. तुमसरला एक होती, पळायला जोरदार, पण सीट इतकी खाली की आईला त्यात बसवायला दोन माणसं लागली असती. एक उंच, मोठी, कामाची गाडी होती. चढावर चालवली तर म्हशीसारखी धापा टाकत वर आली. ती मी बाबांसाठी घेणार नव्हते. त्यांनी आयुष्यभर तेच चालवलं होतं.

दहावी सालेकशाला मिळाली. बँकेतल्या एका बाईंची बदली झाली होती. राखाडी रंगाची छोटी पेट्रोल गाडी, टर्बो इंजिनची. मी आगाऊ न सांगता सकाळी साडेसहाला त्यांच्या दारात उभी राहिले. बाई ब्रश करत बाहेर आल्या. बॉनेट दवाने ओलं होतं, गार. किल्ली फिरवली, धूर नाही, थरथर नाही. मागचा पत्रा एका ठिकाणी घासलेला होता, तो बाईंनी स्वतः दाखवला. दार उंच होतं. मागची सीट दुमडून मी स्वतः आडवी होऊन पाहिलं, तीन कट्टे बसले असते. आमगावच्या रस्त्याला लागून मी दुसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला, तेव्हा पाठ सीटला चिकटली. बाई शेजारी बसून म्हणाल्या, "मॅडम, जरा हळू."

गाडी घरी आणली त्या दिवशी बाबा अंगणातच होते. मी किल्ली त्यांच्या हातात दिली. ते बराच वेळ गाडीभोवती फिरले. मग आत बसले. मी शेजारी बसले. कोहमाऱ्याला हायवे लागेपर्यंत ते एसटीच्याच वेगाने चालवत होते. समोर एक ट्रक होता आणि त्याच्या पुढे एसटी. बाबांनी आरशात पाहिलं, गिअर खाली घेतला आणि एका दमात दोन्ही गाड्या मागे टाकल्या. पुढे रस्ता मोकळा झाल्यावर ते म्हणाले, "तर अस्सं असते हे."

इथे मला थांबता आलं असतं. पण मला तेवढं सुख पुरेसं नव्हतं.

त्या यार्डासमोर रस्त्याच्या पलीकडे एक चहाटपरी आहे. दर रविवारी सकाळी मी तिथे बसायला लागले. पहिलं गिऱ्हाईक आमच्याच दवाखान्यातली नर्स आणि तिचा नवरा. मी त्यांच्याबरोबर आत गेले. त्या माणसाने मला ओळखलं नाही. मी बॉनेटवर हात ठेवला, मग एकेक गोष्ट मोठ्याने सांगत गेले. ही काच नंतरची. हे बोल्ट खोललेले. हे रबर बघा आणि हे मीटर बघा. यार्डात आणखी तीन-चार लोक होते, तेही जवळ आले. नर्सने गाडी घेतली नाही. जमलेल्यांतल्या एकाने मला विचारलं, "ताई, आमचीही पाहून देता का?"

पुढच्या रविवारी दोघं आले, त्यानंतर पाच. मी कुणाकडून एक रुपया घेतला नाही. गोष्ट पसरली. तिरोड्याचे लोक, देवरीचे लोक, फोन करून विचारायचे, दवाखान्यातल्या मॅडम या रविवारी आहेत का.

दोन महिन्यांनी तो माणूस स्वतः टपरीवर आला. माझ्यासमोर उभा राहिला.

"मॅडम, आपकी मुझसे क्या दुश्मनी है?"

"चहा पाजा," मी म्हणाले. "मग सांगते."

तो माझ्याकडे बघत राहिला. कुठेतरी काहीतरी जुळलं असावं, कारण तो वळून यार्डात गेला. मला तेव्हा जे वाटलं त्याला मी आनंदच म्हणेन. पोटातून आलेला, उबदार.

पावसाळ्यानंतर एका दुपारी तो आमच्या घरी आला. एकटाच, मोटरसायकलवर. बाबा अंगणात राखाडी गाडी धूत होते. त्यांनी नळ बंद केला आणि म्हणाले, "बसा जी." तो बसला नाही.

"अंकल, गलती हो गई. गाडी वापस ले जाता हूं. पैसे लाया हूं."

बाबांनी पैशांकडे पाहिलं नाही. "एक सांगा," ते म्हणाले. "आमी यायच्या आधी तुमी इंजिन गरम करून ठेवलं होतं ना?"

"हां."

"अन् ऑइल?"

"गाढा डाला था. आवाज दबाने को."

बाबा माझ्याकडे वळले. "मी म्हणलं होतं ना. आवाज जड आहे म्हणून. म्हणलं होतं मी."

"हो बाबा. तुम्ही म्हणाला होता."

त्यांनी दोन-तीनदा मान हलवली. एवढंच त्यांना हवं होतं. पैसे घेतले, ताडपत्री काढायला त्याला स्वतः मदत केली, आणि त्याने बोलावलेल्या टेम्पोने गाडी ओढून नेली त्यानंतर मला म्हणाले, "आता झालं. तू तठी जाऊ नको."

"तुमचं झालं," मी म्हणाले. "माझं नाही झालं."

"काऊन? काय राहिलं आता?"

तो त्या दिवशी यार्डात हसला होता, ती गिऱ्हाइकं हसली होती, आणि माफी मात्र त्याने आमच्या अंगणात, कोणी नसताना मागितली. बाबांना ते पुरलं, मला नाही. मी पुढच्या रविवारी पुन्हा टपरीवर होते. बाबा आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत.

आणि मग मी ती गोष्ट केली, जी आजवर घरात कुणाला सांगितलेली नाही. तिरोड्याचा एक शिक्षक बायकोला घेऊन आला होता. त्याला आवडलेली गाडी पांढरी, चार वर्षांची. मी बॉनेटवर हात ठेवला. गार होतं. सगळं तपासलं. बोल्ट जागचे, काचा एका सालाच्या, मीटर खरं. त्या यार्डात इतकी चांगली गाडी मी पाहिली नव्हती. तो माणूस थोडा लांब उभा होता. त्याने काही झाकलं नव्हतं. कदाचित माझ्यामुळेच तो आता चांगल्या गाड्या आणायला लागला होता.

शिक्षकाने विचारलं, "कशी आहे, ताई?"

"नका घेऊ," मी म्हणाले. "आत काम झालंय."

त्या माणसाने मान वर केली. त्याला माहीत होतं मी खोटं बोलतेय, आणि मला माहीत होतं की त्याला माहीत आहे. तो एक शब्द बोलला नाही. बोलला असता तरी त्याच्यावर कुणी विश्वास ठेवला नसता. शिक्षकाने मान डोलावली, माझे आभार मानले, आणि नंतर दुसरीकडून एक गाडी घेतली. ती कशी निघाली ते मी विचारलं नाही.

दिवाळीनंतर यार्डातल्या गाड्या कमी होत गेल्या. एका रविवारी गेले तर शेड रिकामं होतं आणि एक माणूस पत्रे उतरवत होता. मी टपरीवर बसून दोन कप चहा प्यायले. लोकांना वाटतं अशा वेळी वाईट वाटतं, पोकळ वाटतं. मला तसं काही झालं नाही. मला बरं वाटलं. घरी येताना गाडी मी मुद्दाम जोरात चालवली.

तो माणूस मला मागच्या महिन्यात दिसला. कुडव्याच्या बाजूला पेट्रोल पंपावर मी रांगेत होते, आणि शेजारच्या रांगेत तो एका शाळेच्या व्हॅनच्या स्टेअरिंगवर बसला होता. शर्ट पांढराच, पण चुरगळलेला. त्याने मला पाहिलं, मग गाडी पाहिली. पुढून मागे, मागून पुढे, जशी गाड्यांची माणसं पाहतात तशी. दाराच्या उंचीवर नजर थांबली. टायरवर थांबली.

"मॅडम," तो खिडकीतून म्हणाला, "ये आपने ही चुनी?"

मी मान हलवली.

"बहुत अच्छी चुनी," तो म्हणाला. "घर के काम की भी है और भागती भी है. ऐसी मिलती नहीं."

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. तो खरं बोलत होता. आणि मला लाज वाटली ती याची, की मला ते ऐकून आवडलं. बाबांनीही इतक्या स्पष्ट शब्दांत कधी म्हटलं नव्हतं. माझा नंबर आला. पंपवाल्याने किती म्हणून विचारलं, मी टाकी भरायला सांगितली आणि पेट्रोल पडेपर्यंत समोर मीटरकडे बघत राहिले.